जुन्या संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड: पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच

माळरान:

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाने ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचे सॉफ्टवेअर शिकायला घेतले आहे, आणि घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर एकेक फ्रेम रेंडर व्हायला (म्हणजे अंतिम चित्र तयार व्हायला) इतका वेळ लागतो की त्याचा हुरूप टिकेल की नाही अशी शंका येऊ लागली. नवा संगणक घेण्याची सध्या ऐपत नसल्यामुळे आम्ही केवळ ग्राफिक्स कार्ड घेतले. संगणक २०१२ साली स्थानिक दुकानदाराकडून जोडून घेतलेला आहे. त्यात इंटेलचा कोअर आय५-२४०० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, एक हार्ड डिस्क, नंतर बसवलेली एक एसएसडी आणि ‘४५० वॅट’ असे लेबल असलेला एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी) आहे. विंडोज १० आहे. मॉनिटरही त्याच काळातला असून त्याला फक्त व्हीजीए जोडणी आहे.

कार्ड एनव्हीडियाच्या चिपचे, जीटीएक्स १६५० प्रकारचे, ४ जीबीचे आहे आणि त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही. त्याच्यावर एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि डीव्हीआय अशा तीन जागा आहेत. मॉनिटर व्हीजीएचा असल्यामुळे एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए असलेली केबल दुकानातून आणली. कार्ड बसवून संगणक सुरू केला असता कार्डाचा पंखा फिरतो, कॅबिनेटचे दिवे लागतात, मात्र मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ एवढेच दिसते. मॉनिटर पुन्हा मदरबोर्डच्या व्हीजीएला जोडला तरी, कार्ड आत असेपर्यंत, तिथेही काही दिसत नाही. कार्ड काढले की सर्व पूर्ववत चालते. कार्ड सदोष आहे असे समजून परत करावे का, की आधी आणखी काही तपासण्यासारखे आहे? परत करण्याची मुदत जवळ आली आहे, म्हणून विचारतो.

पाचवा_मजला:

एच६१ बोर्ड आणि २०१९ साली आलेले कार्ड यांच्यात सात-आठ वर्षांचे अंतर आहे. बोर्डाच्या बायोसला (संगणक सुरू होताच चालणाऱ्या, बोर्डातल्याच प्रोग्रामला) हे कार्ड ओळखता येत नसावे. निर्मात्याच्या संकेतस्थळावरून बायोसची शेवटची आवृत्ती उतरवून अपडेट करून पाहा. माझ्या परिचयातल्या एका जुन्या बोर्डावर नवे कार्ड त्यानंतरच चालू झाले होते.

तारायंत्र:

बायोस अपडेट हा उपाय खोटा नाही, परंतु तो पहिला उपाय नव्हे. अपडेट चालू असताना वीज गेली तर चालता बोर्डही निकामी होऊ शकतो, आणि आपल्याकडे गावोगावी विजेची जी स्थिती आहे ती पाहता यूपीएस किंवा इन्व्हर्टर असल्याखेरीज त्या वाटेला जाऊ नये. शिवाय कार्ड ओळखले गेलेलेच नाही हे अजून सिद्ध झालेले नाही. उलट तुमच्या वर्णनातच त्याच्या विरुद्ध जाणारा एक पुरावा आहे.

कार्ड बसवल्यावर मदरबोर्डचा व्हीजीएही काळा होतो असे तुम्ही लिहिले आहे. या पिढीतल्या बहुतेक बोर्डांत अशी योजना असते की स्लॉटमध्ये ग्राफिक्स कार्ड सापडले की प्रोसेसरमधले ग्राफिक्स आपोआप बंद करायचे आणि चित्र कार्डाकडे सोपवायचे. बोर्डाला कार्ड दिसलेच नसते तर चित्र पूर्वीप्रमाणे मदरबोर्डच्या व्हीजीएवर येत राहिले असते. म्हणजे बोर्डाने कार्ड पाहिले आहे आणि चित्र त्याच्याकडे सोपवले आहे, असे मानायला जागा आहे. त्या चित्राचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

ग्राफिक्स कार्डाची तक्रार घेऊन कोणी आले की मी सर्वप्रथम एकच गोष्ट विचारतो: चित्र नेमके केव्हा जाते? बटण दाबल्यापासूनच चित्र नसेल तर कार्ड नीट न बसणे, केबल, मॉनिटर, बायोसची मांडणी किंवा क्वचित कार्ड स्वतः, यांपैकी काहीतरी असते आणि तिथे विंडोज किंवा ड्रायव्हर (विंडोजला कार्ड वापरता यावे म्हणून घालायचे सॉफ्टवेअर) यांचा काहीही संबंध नसतो. बायोसची अक्षरे दिसतात, विंडोजचे चिन्हही दिसते आणि डेस्कटॉप येण्याच्या सुमारास स्क्रीन काळी होत असेल, तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा. सगळे व्यवस्थित चालते, मात्र खेळ किंवा रेंडर सुरू केल्यावर काही वेळाने संगणक बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो, अशा वेळी वीजपुरवठा आणि उष्णता यांच्याकडे पाहावे. हे टप्पे वेगळे न करता एकाच वेळी बायोस अपडेट करणे, ड्रायव्हर बदलणे आणि रॅमच्या पट्ट्या पुसणे असे सर्व केले, तर दुरुस्ती झालीच तरी कशामुळे झाली ते कळत नाही.

तुमची तक्रार पहिल्या टप्प्यातली आहे. आता पुढील गोष्टी करून पाहा. संगणकाची वायर भिंतीतून काढा, सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून ठेवा म्हणजे उरलासुरला विद्युतभार निघून जाईल, आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच कार्डाला स्पर्श करा. कार्ड काढून स्लॉटमधली धूळ ब्रशने झाडा. कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर डाग दिसत असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबराने घासण्याची आपल्याकडे रूढ असलेली पद्धत चालते, पण त्याचा भुगा स्लॉटमध्ये राहिला तर नवेच दुखणे उभे राहते. कार्ड बसवताना स्लॉटच्या टोकाची खिट्टी ‘टक्’ असा आवाज करून वर यायला हवी. जुन्या, पातळ पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये मागची पट्टी किंचित वाकडी असते आणि स्क्रू आवळताना कार्डाचे दुसरे टोक वर उचलले जाते. हा दोष डोळ्यांना सहज दिसत नाही, त्यामुळे स्क्रू लावल्यानंतर पुन्हा एकदा बाजूने पाहावे.

त्यानंतर संगणक सुरू करून थोडे थांबा आणि कीबोर्डवरचे नम लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर संगणक प्राथमिक तपासणी ओलांडून पुढे गेलेला आहे आणि केवळ चित्र आपल्यापर्यंत पोहोचत नाही. बोर्डाला लहान स्पीकर जोडलेला असल्यास आवाजही ऐका. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सचा दोष. एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये संकेत वेगळे असतात, त्यामुळे बोर्डाची पुस्तिका पाहणे उत्तम. शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची चाचणी अशी की घरात एचडीएमआय असलेला टीव्ही असेल तर साध्या एचडीएमआय केबलने कार्ड थेट टीव्हीला जोडून पाहा. तुमच्या त्या दोन तोंडांच्या केबलवर माझा संशय आहे.

माळरान:

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे कार्ड काढून, साफ करून पुन्हा बसवले. खिट्टी आधीही बसलेलीच होती. मॉनिटरवर अजून काही दिसत नाही, पण नम लॉकचा दिवा व्यवस्थित लागतो आणि विझतो. बीप एकच आखूड येते.

टीव्हीला सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल होती, तीच काढून कार्डाला लावली आणि टीव्हीवर विंडोज दिसू लागले! अर्थात रंग आणि आकार ओबडधोबड आहेत, कारण अजून ड्रायव्हर घातलेला नाही. म्हणजे कार्ड चांगले आहे असे धरून चालू का? आणि मग केबलमध्ये नेमके काय बिघडले? केबल अगदी नवी आहे.

अबोली_२२:

केबलमध्ये काही बिघडलेले नसावे, कारण बिघडण्यासारखे त्यात बहुधा काही नाहीच. व्हीजीए ही अ‍ॅनालॉग जोडणी आहे. लाल, हिरवा आणि निळा या रंगांचा कमी-जास्त होणारा व्होल्टेज तिच्या तारांतून मॉनिटरकडे जातो. एचडीएमआयमधून मात्र आकडे जातात. या दोन गोष्टींच्या मध्ये डिजिटल संकेताचे अ‍ॅनालॉगमध्ये रूपांतर करणारी चिप असावी लागते. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या अनेक एचडीएमआय-व्हीजीए केबलींत अशी चिप नसते, एका टोकाच्या पिना दुसऱ्या टोकाला सरळ जोडलेल्या असतात. अशी केबल केवळ त्या उपकरणाला उपयोगी पडू शकते जे आपल्या एचडीएमआयच्या तोंडातून अ‍ॅनालॉग संकेत सोडते, आणि संगणकाचे कार्ड तसे करत नाही.

जुन्या कार्डांचा अनुभव असलेल्यांची इथे फसगत होते, कारण पूर्वी डीव्हीआयच्या तोंडाला एक छोटा जोड लावला की व्हीजीए मिळत असे. त्या डीव्हीआयमध्ये आडव्या पात्याभोवती चार जादा पिनांची छिद्रे असत आणि अ‍ॅनालॉग संकेत तिथून येई. एनव्हीडियाने २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेपासून अ‍ॅनालॉग संकेत काढूनच टाकला. तुमच्या कार्डावरच्या डीव्हीआयकडे नीट पाहा, ती चार छिद्रे तिथे नसतील. त्यामुळे तो साधा जोड आणूनही उपयोग होणार नाही.

तुम्हाला चिप असलेला, म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणून मिळणारा एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर हवा. तो बहुधा एका टोकाला एचडीएमआयचे तोंड आणि दुसऱ्या टोकाला छोटी डबी अशा रूपात येतो. काहींना बाजूने यूएसबीची वीजही देता येते. काही शेकड्यांत काम होते. पुण्यात असाल तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडवर सहज मिळेल. फक्त दुकानात केबल न मागता ‘कन्व्हर्टर’ मागा आणि शक्य असेल तर तिथेच लावून पाहा.

माळरान:

कन्व्हर्टर आणला आणि मॉनिटरवर चित्र आले. अबोली, तुमचे निदान अचूक होते, डीव्हीआयला ती चार छिद्रे खरोखरच नाहीत.

आता पुढची अडचण. एनव्हीडियाच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवला, पण तो सुरूच होत नाही. हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही अशा अर्थाचा संदेश येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ असे दिसते. ब्लेंडरचीही नवी आवृत्ती बसत नाही, भाऊ अजून २.७९ वापरतो. त्याला वाटत होते की ते प्रोसेसर जुना असल्यामुळे आहे.

गणिती_भुंगा:

एक गोष्ट तपासा. ‘धिस पीसी’वर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘सिस्टीम टाइप’पुढे काय लिहिले आहे ते वाचा. तिथे ३२ बिट लिहिलेले असेल अशी माझी जवळजवळ खात्री आहे. ब्लेंडरच्या नव्या आवृत्त्या केवळ ६४ बिट विंडोजवर चालतात, आणि ड्रायव्हरचा संदेशही त्याच दिशेने बोट दाखवतो. त्याच पानावर रॅमपुढे ८ जीबी आणि कंसात साडेतीन जीबीच्या आसपासचा ‘युजेबल’ आकडा दिसला तर शंकाच उरत नाही, कारण ३२ बिट विंडोज १० ला चार जीबीच्या पलीकडचा पत्ताच वापरता येत नाही. तसे असेल तर भावाची निम्म्याहून अधिक रॅम इतकी वर्षे निव्वळ शोभेला होती.

एनव्हीडियाने ३२ बिट विंडोजसाठी ड्रायव्हर काढणे २०१८ मध्ये ३९० या शाखेपाशी थांबवले. जीटीएक्स १६५० बाजारात आले एप्रिल २०१९ मध्ये. म्हणून या कार्डासाठी ३२ बिटचा ड्रायव्हर जुन्या संग्रहातही सापडणार नाही, आणि तो देतो म्हणणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावरून काही उतरवू नये.

आय५-२४०० हा प्रोसेसर ६४ बिटचा आहे, तेव्हा अडसर फक्त विंडोजचा आहे. दुर्दैवाने ३२ वरून ६४ वर जाताना वरच्या वर अपग्रेड करता येत नाही, एसएसडी पुसून नव्याने विंडोज घालावे लागते. परवाना मात्र तोच चालतो. कागदपत्रे आणि फोटो हार्ड डिस्कवर हलवा, आणि विंडोज घालताना हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा म्हणजे चुकीची डिस्क पुसली जाण्याची भीती राहत नाही. विंडोज आल्यावर ड्रायव्हरसाठी ‘क्लीन इन्स्टॉलेशन’चा पर्याय निवडा. नव्याने घातलेल्या विंडोजवर जुन्या ड्रायव्हरचे अवशेष नसतात, म्हणून ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’सारख्या साधनाची तुम्हाला गरज नाही, ते साधन एका कंपनीचे कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचे बसवणाऱ्यांच्या अधिक कामाचे आहे.

जाता जाता, तुम्ही एनव्हीडियाचेच जुने १०५० टीआय कार्ड न घेता १६५० घेतले हे चांगले केले. १०५० टीआय ज्या पास्कल पिढीचे आहे, तिच्यासाठीचे नियमित ड्रायव्हर एनव्हीडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले आणि आता तिला फक्त सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या मिळतील. १६५० त्यापुढच्या ट्युरिंग पिढीचे असल्यामुळे त्याला तो निर्णय लागू नाही.

पाचवा_मजला:

नव्यानेच सगळे घालायचे असेल तर लिनक्सचा विचार करण्यास हरकत नसावी. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचा इतका जुना प्रोसेसर बसत नाही. ब्लेंडर लिनक्सवर उत्तम चालते. एकच सावधगिरी घ्यावी: पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करताना त्याचा खुला ‘नूव्हो’ ड्रायव्हर काही एनव्हीडिया कार्डांवर अडखळतो आणि स्क्रीन काळी पडते. तसे झाल्यास सुरुवातीच्या यादीत ‘नोमोडसेट’ हा पर्याय जोडून सुरू करावे किंवा यादीत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ असेल तर तो निवडावा, आणि बसवून झाल्यानंतर ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हीडियाचा ड्रायव्हर घ्यावा. तारायंत्र यांच्या टप्प्यांच्या भाषेत सांगायचे तर ही दुसऱ्या टप्प्यातली काळी स्क्रीन आहे, कार्डाचा दोष नव्हे.

माळरान:

सिस्टीम टाइप ३२ बिटच निघाला. भावाच्या शिकवणीतले सर्व जण विंडोज वापरत असल्यामुळे तूर्त ६४ बिट विंडोज १० घातले आहे, लिनक्सचा विचार पुढे नक्की करू. ड्रायव्हर पहिल्या झटक्यात बसला, ८ जीबी रॅम पूर्ण दिसते आणि ब्लेंडरची नवी आवृत्तीही चालते.

मात्र आता तारायंत्र यांनी सांगितलेला तिसरा टप्पा आमच्या वाट्याला आला आहे. साध्या कामात, व्हिडिओ पाहताना काहीही त्रास नाही. रेंडर सुरू केला की थोड्या वेळात संगणक एकदम बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू होतो. निळी स्क्रीन येत नाही, संदेश येत नाही. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते. कार्डाचे तापमान पाहिले, रेंडर चालू असताना ते साठच्या घरात होते. कार्डाला वेगळी केबल लागत नाही म्हणून एसएमपीएसचा प्रश्न येणार नाही असे दुकानदाराने सांगितले होते.

तारायंत्र:

वेगळी केबल लागत नाही याचा अर्थ कार्डाला वीज लागत नाही असा होत नाही. ती स्लॉटमधून, म्हणजे मदरबोर्डमार्फत आणि शेवटी त्याच एसएमपीएसमधून येते. पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड ज्या जोडणीत बसते तिच्या) मोठ्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट देण्याची तरतूद आहे, त्यांतले ६६ वॅट १२ व्होल्टच्या वाहिनीतून. जीटीएक्स १६५० चा ठरलेला वापरही ७५ वॅटच आहे, म्हणजे हे कार्ड स्लॉटची मर्यादा काठोकाठ वापरते.

‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद रोगाचे नाव नाही. संगणक रीतसर बंद न होता मध्येच बंद पडला होता, इतकेच विंडोज पुन्हा सुरू झाल्यावर नोंदवते. ड्रायव्हरचा दोष असता तर बहुतेक वेळा क्षणभर स्क्रीन जाऊन परत आली असती किंवा निळी स्क्रीन दिसली असती. कोणताही संदेश न देता, केवळ भार वाढल्यावर आणि तापमान बरे असताना संगणक पुन्हा सुरू होतो, तेव्हा मी एसएमपीएस सोडून दुसरीकडे पाहत नाही. एसएमपीएसमधून ‘पॉवर गुड’ नावाचा एक संकेत बोर्डाकडे सतत जात असतो आणि व्होल्टेज ढासळले की तो संकेत पडतो. संकेत पडताच बोर्ड सर्व थांबवतो; विंडोजला काही लिहिण्याइतकीही उसंत मिळत नाही.

आता एसएमपीएसचे झाकण न उघडता (आतल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यानंतरही घातक व्होल्टेज उरलेले असू शकते, तेव्हा ते कधीच उघडू नये) त्याच्या बाजूचे लेबल वाचा. वरचा मोठा ‘४५० वॅट’ हा आकडा विसरून जा. खालच्या तक्त्यात ‘+१२ व्ही’ च्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते महत्त्वाचे. आपल्याकडे कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर तिथे १६ अँपिअरसारखा आकडा पुष्कळदा दिसतो. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट झाले. आजच्या संगणकाचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही जवळजवळ सर्व वीज याच वाहिनीतून घेतात. तुमच्या प्रोसेसरचा ठरलेला आकडा ९५ वॅट, कार्डाचा ७५; त्यात बोर्ड, डिस्क आणि पंखे मिळवले की १९२ चा काठ ओलांडला जातो, आणि तेही लेबल खरे बोलते असे मानले तर. दहा-बारा वर्षे चाललेल्या एसएमपीएसचे कपॅसिटर पूर्वीइतके सक्षम राहत नाहीत, हे वेगळेच.

खात्री करून घ्यायची असेल तर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून हार्ड डिस्कच्या मोकळ्या, जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या प्लगमध्ये पिवळी आणि काळी तार यांच्यामधले व्होल्टेज मोजा. आधी संगणक स्वस्थ असताना आणि मग रेंडर सुरू केल्यावर. मानकाप्रमाणे ते ११.४० ते १२.६० व्होल्ट यांच्या आत राहायला हवे. भार येताच ते ११.४ च्या खाली घसरत असेल तर अधिक शोधाशोध करण्याचे कारण उरत नाही. मोजताना दोन टोके एकमेकांना लागू देऊ नका. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या १२ व्होल्टच्या आकड्यावर जुन्या बोर्डांत मी विसंबत नाही. प्रत्यक्षात शक्य नाहीत असे आकडे दाखवणारे बोर्ड मी पाहिले आहेत.

नवा एसएमपीएस घेताना १२ व्होल्टवर ३० अँपिअर किंवा अधिक देणारा, नावाजलेल्या निर्मात्याचा ४५० वॅटचा पुरेसा आहे. ‘८० प्लस’ हे चिन्ह भिंतीतून घेतलेली वीज किती कमी वाया जाते ते सांगते, क्षमता सांगत नाही. तरीही ते खरे असेल तर निर्मात्याने चाचणी करून घेतली आहे एवढे तरी कळते. तुमचा संगणक जोडून घेतलेला असल्यामुळे साध्या मापाचा एसएमपीएस बसेल. कार्यालयांतून निघालेल्या लहान, तयार संगणकांच्या बाबतीत मात्र एसएमपीएसचा आकार आणि प्लग दोन्ही वेगळे असतात आणि काहींच्या पुस्तिकेत स्लॉटसाठी ७५ पेक्षा कमी वॅटची मर्यादाही दिलेली असते. ते घेणाऱ्यांनी कार्ड घेण्यापूर्वीच हे वाचावे.

अबोली_२२:

नवा एसएमपीएस येईपर्यंत भावाचे काम अडू नये म्हणून एक सुचवते. ब्लेंडरच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘सिस्टीम’ या भागात सायकल्ससाठी (ब्लेंडरमधल्या रेंडर करणाऱ्या भागासाठी) रेंडरची उपकरणे निवडता येतात. तिथे कार्ड आणि प्रोसेसर या दोन्हींवर खूण असेल तर दोघांवर एकाच वेळी पूर्ण भार पडतो, आणि तुमच्या एसएमपीएससाठी ती सर्वांत वाईट स्थिती आहे. प्रोसेसरवरची खूण काढा, फक्त कार्ड ठेवा. चार कोअरच्या जुन्या प्रोसेसरची रेंडरमध्ये जी भर पडते ती कार्डापुढे फार मोठी नसते. मात्र ही तात्पुरती सोय समजा.

आणि हे लिहून ठेवलेले बरे, कारण पुढे मोठे कार्ड घेण्याचा मोह होतो: सहा पिनांची केबल हवी असलेल्या कार्डाला साटाच्या (हार्ड डिस्क, एसएसडीला वीज देणाऱ्या) प्लगवरून जोड देऊन वीज पुरवू नये. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर, म्हणजे एकूण ५४ वॅट. सहा पिनांतून मात्र कार्ड ७५ वॅटपर्यंत मागू शकते. वितळलेले प्लग याच हिशेबातून तयार होतात.

माळरान:

लेबलवर १२ व्होल्टखाली १५ अँपिअर लिहिलेले आहे. ब्लेंडरमध्ये दोन्ही खुणा होत्या. प्रोसेसरची खूण काढल्यावर लहान रेंडर पूर्ण होऊ लागले, मोठ्यांना मात्र संगणक मध्येच पुन्हा सुरू होत होता. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटर आणून मोजले तर रेंडर सुरू होताच आकडा ११.२ पर्यंत खाली आला. नवा एसएमपीएस आणून बसवला आहे. काल रात्रभर रेंडर चालू ठेवला होता आणि सकाळी तो पूर्ण झालेला होता. भाऊ खूश आहे.

शेवटचे दोन प्रश्न. जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये ‘बस इंटरफेस’पुढे ‘एक्स१६ ३.०’ आणि त्यापुढे ‘एक्स१६ १.१’ असे दिसते. कार्ड निम्म्याहून कमी वेगाने चालते असा याचा अर्थ होतो का? दुसरे म्हणजे भावाचा मित्र अशाच जुन्या संगणकासाठी एएमडीचे आरएक्स ६४०० किंवा एखादे वापरलेले १०५० टीआय घेण्याच्या विचारात आहे. त्याला काय सांगावे?

गणिती_भुंगा:

पहिला आकडा कार्डाची क्षमता दाखवतो आणि दुसरा त्या क्षणी चालू असलेली गती. काम नसताना वीज वाचवण्यासाठी कार्ड ही गती स्वतःच खाली आणते. त्या ओळीशेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक केल्यास छोटी रेंडर चाचणी सुरू करता येते. ती चालू असताना आकडा १.१ वरून २.० वर जायला हवा. ३.० वर तो जाणार नाही, कारण आय५-२४०० हा सँडी ब्रिज पिढीचा प्रोसेसर असून पीसीआय एक्सप्रेसची २.० हीच आवृत्ती देतो. सोळा मार्गिकांत (माहिती नेणाऱ्या समांतर वाटांत) ती सेकंदाला सुमारे ८ जीबी वाहून नेते. सायकल्सच्या रेंडरमध्ये दृश्याची माहिती आधी कार्डाच्या स्मृतीत जाते आणि मग हिशेब तिथेच होतो, त्यामुळे या मर्यादेचा त्रास तुम्हाला फारसा जाणवणार नाही. तुमची खरी मर्यादा कार्डावरची ४ जीबी स्मृती आहे, आणि मोठ्या टेक्स्चरच्या (पृष्ठभागांवर चढवलेल्या चित्रांच्या) दृश्यांत ती आधी भरेल.

मित्राच्या बाबतीत मात्र हाच हिशेब उलटतो. आरएक्स ६४०० ला ५३ वॅट पुरतात, ही त्याची जमेची बाजू. पण ते स्लॉटच्या सोळा मार्गिकांपैकी केवळ चारच वापरते. नव्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस ४.० असताना चार मार्गिका पुरून उरतात, जुन्या २.० बोर्डावर मात्र त्यांतून सेकंदाला २ जीबी एवढेच जाते, आणि स्मृती अपुरी पडणाऱ्या खेळांत त्याचा फटका बसतो. शिवाय त्या कार्डात व्हिडिओ एन्कोड करणारा भाग नाही, त्यामुळे मित्र स्क्रीन रेकॉर्ड करत असेल किंवा व्हिडिओ संपादन करत असेल तर तो भार प्रोसेसरवरच पडेल. कोणी इंटेलचे आर्क कार्ड सुचवले तर तेही टाळावे. त्याला ‘रिसायझेबल बार’ ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी स्मृती एकदम वापरू देणारी सोय लागते, तिच्याविना त्याची कामगिरी बरीच खाली येते आणि या वयाच्या बोर्डांवर ती सोय नसते.

वापरलेले १०५० टीआय घ्यायचे असेल तर पैसे देण्यापूर्वी ते जीपीयू-झेडमध्ये पाहावे. जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय अशा जुन्या चिपवर बायोस बदलून तिला १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार होत आले आहेत, आणि या सॉफ्टवेअरच्या २०१८ नंतरच्या आवृत्त्या अशा अनेक कार्डांच्या नावाआधी ‘फेक’ असे स्पष्ट लिहितात. सॉफ्टवेअर चालवून पाहण्याची संधी विक्रेता देत नसेल तर कार्डाच्या मागच्या पट्टीकडे पाहावे. १०५० टीआयवर व्हीजीएचे निळे तोंड नसते. ते दिसले तर कार्ड हातातही घेऊ नये.